तारेला कुणी हात लावला

भूमच्या एसटी स्टँडसमोर बब्रुवानचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी. आत एक फळी, फळीवर पोट उघडं टाकलेले रेडिओ आणि वर लटकणारा बल्ब. तो सकाळी हिवरदऱ्याहून सायकलवर यायचा आणि दिवस मावळायच्या आत गावी परतायचा. घरची कोरडवाहू जमीन थोरला भाऊ बघायचा. बब्रुवाननं उस्मानाबादला आयटीआयमधून वायरमनचा कोर्स केला होता, आणि तेव्हापासून त्याचं मन मातीपेक्षा तारांत जास्त रमायचं.

हाताला कसब होतं, यात वाद नव्हता. त्यानं घरच्या दाराला बटन दाबलं की किणकिणणारी घंटी बसवली होती. मारुतीच्या देवळातला भोंगा तोच नीट करायचा. गावातले लोक त्याला ‘इंजिनेर’ म्हणायचे. कुणी थट्टेनं म्हणायचं, कुणी खरंच. बब्रुवानला दोन्ही गोड लागायचं.

शहाऐंशी साली पाऊस असा गेला की पोळ्यालाच ओढे कोरडे पडले. हिवाळा सरेपर्यंत गावची जुनी विहीर आटली. तग धरून होती ती एकच विहीर, दूध सोसायटीची. सोसायटीनं ती जनावरांसाठी खोदली होती, तिच्यावर मोटार बसवली होती, शेजारी हौद बांधला होता, आणि त्या साली जनावरं आणि माणसं दोन्ही तिच्यावरच जगत होती. पण झरे बारीक. मोटार जरा चालली की तळ उघडा पडायचा. मग थांबायचं, पाणी साचू द्यायचं आणि पुन्हा चालू करायची. पाणी संपल्यावरही मोटार चालू राहिली तर पंप कोरडा फिरून तापायचा, आणि मोटार जळायला वेळ लागत नसे.

म्हणून सोसायटीनं विहिरीवर बनाबाईला बसवलं होतं. बनाबाई बौद्धवाड्यातली, पन्नाशीची, नवरा वारलेली. मुलगा ऊसतोडीला गेलेला, घरात सून आणि नातवंडं. काठावर बसून पाणी बघायचं, तळ दिसायला लागला की बटन दाबून मोटार बंद करायची, पाणी चढलं की चालू करायची, एवढं तिचं काम. सुरुवातीला दोघातिघांनी कुरकुर केली होती, की पाण्यापाशी हिला कशाला. सोसायटीचे चेअरमन आबाराव तेव्हा म्हणाले होते, “ती बटनाला हात लावती, पाण्याला न्हाय.” त्यावर विषय मिटला होता. उन्हात दिवसभर काठावर बसायला दुसरं कुणी तयारही नव्हतं.

बब्रुवानच्या डोक्यात यंत्र शिरलं ते पुण्याहून येणाऱ्या एका मासिकातून. टाकीतलं पाणी आपोआप राखणारं सर्किट त्यात छापलं होतं. ते बघताना त्याला सोसायटीची विहीर आठवली. विहिरीत तीन तारा सोडायच्या. सगळ्यात लांब तार तळापर्यंत, दुसरी तिच्याहून थोडी वर, तिसरी बरीच वर. पाणी चढून तिसऱ्या तारेला लागलं की मोटार आपोआप चालू. उतरून दुसऱ्या तारेच्या खाली गेलं की आपोआप बंद. मोडक्या रेडिओंतून त्यानं ट्रान्झिस्टर काढले, मोटारीचं बटन आपोआप दाबणारी रिले बार्शीहून आणली आणि सगळं एका जुन्या मर्फी रेडिओच्या खोक्यात बसवलं. घरी पाण्याच्या बादलीत तारा सोडून त्यानं बायकोला, द्वारकाबाईला, दाखवलं. तांब्यानं पाणी काढलं की खोक्यात टक् असा आवाज होऊन दिवा विझायचा. पाणी ओतलं की पुन्हा टक्, आणि दिवा लागायचा.

“आन् बनाबाई?” द्वारकाबाईनं विचारलं.

“तिचं काय?”

“तिचं काम हाय न्हवं का त्ये.”

बब्रुवाननं खोक्याचं झाकण लावलं. म्हणाला, “आबाराव बघतील.”

सोसायटीच्या बैठकीत त्यानं यंत्र मांडलं तेव्हाही कुणीतरी तेच विचारलं. आबाराव म्हणाले, “बनाबाईला रोजगार हमीवर लावू. मानूस डुलकी घेतं, यंत्र घेत न्हाय.” सगळे हसले. बनाबाई एकदाही डुलकी घेताना सापडली नव्हती, हे बब्रुवानला ठाऊक होतं. तो खोक्याच्या तारा गुंडाळत राहिला.

यंत्र बसवायच्या दिवशी आबारावांनी नारळ आणला होता. पाच-पन्नास माणसं जमली. तारा विहिरीत सोडताना बब्रुवानच्या ध्यानात आलं की पाणी त्यानं मापलं होतं तेव्हापेक्षा खाली गेलंय. खालच्या दोन तारा पुरत नव्हत्या. त्यानं वायरचे तुकडे काढून सांधे केले. आयटीआयमध्ये मास्तरांनी पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं, की दोन तारांचे सांधे शेजारी-शेजारी येऊ द्यायचे नाहीत, एक वर घ्यायचा, एक खाली. त्याला ते आठवत होतं. पण वरून लोक बघत होते, आबाराव घड्याळ बघत होते आणि टेप संपली होती. त्यानं दोन्ही सांधे एकाच ठिकाणी पिळले, सायकलच्या ट्यूबची पट्टी दोन्हींवरून एकदमच गुंडाळली आणि खाली दगडाचं वजन बांधून तारा सोडून दिल्या. खाली गेल्यावर कोण बघतंय, असं त्याला वाटलं. नंतर कितीतरी दिवस त्याला हे वाटणंच जास्त बोचत राहिलं.

यंत्र चाललं. पाणी उतरलं तशी मोटार आपोआप थांबली. मग टाळ्या पडल्या. आबारावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

बनाबाई जरा लांब, बाभळीखाली उभी होती. गर्दी पांगल्यावर ती जवळ आली. “बब्रुवानराव, ह्ये बंद कुठनं करायचं त्येवढं दावून ठिवा. काय बिघाड झाला तर म्या दाबीन बटन.”

“बिघडायचं न्हाय, बनाबाई,” बब्रुवान म्हणाला. “आता तुझी गरज न्हाय इथं.”

तो हे मोकळ्या मनानं बोलला. आपण काय बोललो हे तेव्हा त्याच्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

दुसऱ्याच दिवशी दुपारी गावातून निरोप घेऊन माणूस दुकानात आला. मोटार जळाली होती.

बब्रुवान सायकल दामटत विहिरीवर पोचला तेव्हा जळक्या वासानं डोकं भणाणलं. हौदापाशी जनावरं हंबरत होती आणि बाया रिकाम्या घागरी घेऊन बसल्या होत्या. विहिरीचा तळ उघडा पडलेला, आणि तरी यंत्रावरचा दिवा लागलेलाच. म्हणजे यंत्राला पाणी आहे असंच वाटत होतं. आबाराव घाम पुसत उभे होते.

“काय झालं रं?” त्यांनी विचारलं.

भोवती सगळं गाव होतं. काल टाळ्या वाजवणारी तीच तोंडं. कुणीतरी मागून हळूच म्हणालं, “इंजिनेर.” आज ते गोड लागलं नाही. बब्रुवाननं खोकं उघडून आत बघितल्यासारखं केलं. काय झालं ते त्याला अजून कळलेलं नव्हतं. सांध्यांची आठवण मात्र झाली होती, आणि ती येताच त्यानं ती मागं ढकलली.

“यंत्रात दोष न्हाय,” तो म्हणाला. “तारेला कुणीतरी हात लावलाय.”

कोण, ते त्यानं सांगितलं नाही. सांगायची गरजच पडली नाही. सकाळी बनाबाई विहिरीवर आली होती, हे एकानं बघितलं होतं. काम गेल्याचा राग असणारच, असं दुसरा म्हणाला. तिला बोलावणं गेलं.

ती आली. पदर डोक्यावर, हात पुढे बांधलेले. “म्या सकाळी आले व्हते. माझी बसायची कडब्याची पेंडी इथं काठावर ऱ्हायली व्हती, ती न्यायला. तारेला म्या शिवले न्हाय.”

“मग कोन शिवलं?” आबाराव म्हणाले.

“मला काय ठाव.” तिनं बब्रुवानकडं बघितलं. “ह्येनला इचारा. ह्येंची तार हाय.”

बब्रुवान खोक्यात वाकला.

आबाराव फार काही बोलले नाहीत. शांतपणेच म्हणाले, की झालं ते झालं, पण मोटार दुरुस्त होऊन आल्यावर बौद्धवाड्यातल्या कुणी या विहिरीवर यायचं नाही. एकीनं खोडी केली म्हणून सगळ्या वाड्याला शिक्षा कशाला, असं त्या गर्दीत कुणीच विचारलं नाही. बनाबाईनं पदर सारखा केला. मग वळून गेली.

मोटार वाइंडिंगसाठी बैलगाडीत घालून बार्शीला गेली. विहिरीतनं पोहऱ्यानं निघेल ते पाणी जनावरांनाच पुरायचं नाही, म्हणून गावाला पाणी टँकरचं, तेही यायचं तेव्हा यायचं. बब्रुवान यंत्र घरी घेऊन आला आणि दोष शोधायला बसला. एकेक ट्रान्झिस्टर मीटरवर तपासला. सगळे चांगले. रिलेचे पॉइंट घासून बघितले. चांगले. सोल्डरचा प्रत्येक थेंब नखानं ढकलून बघितला. शेवटी घरचं प्यायचं पाणी बादलीत ओतून, वायरचे नवे तुकडे लावून चाचणी केली. टक् झालं, दिवा विझला. पाणी ओतलं, टक् झालं, दिवा लागला. काहीही बिघडलेलं नव्हतं.

“झालं का नीट?” द्वारकाबाईनं विचारलं.

“बिघडलंच नव्हतं,” तो म्हणाला.

“म्हंजी बनाबाईनंच...”

त्यानं बादलीतलं पाणी परत घागरीत ओतलं. यंत्र निर्दोष, म्हणजे उरल्या त्या विहिरीतल्या तारा. दुसऱ्या दिवशी त्यानं जायचं टाळलं. दुकानात काम आहे म्हणाला. त्याच्या पुढल्या दिवशीही टाळलं. शेवटी मोटार येणार असं कळलं, तेव्हा मीटर खिशात घालून तो विहिरीत उतरला.

दुपारची वेळ होती, वर कुणी नव्हतं. पायऱ्या संपल्या तिथं दगडाला टेकून त्यानं तारा ओढून घेतल्या. टोकं हवेत लोंबत होती, कशालाच लागत नव्हती. अशा दोन तारांना मीटर लावलं तर काटा हलायला नको. काटा सरळ शेवटपर्यंत गेला. कुठंतरी दोन्ही तारा एकमेकींना भिडल्या होत्या. कुठं, ते त्याच्या हातांना आधीच माहीत होतं. त्यानं चाकूनं ट्यूबची पट्टी कापली. खालच्या दगडाच्या ओढीनं दोन्ही सांधे सैलावले होते. एका सांध्याचे तांब्याचे केस दुसऱ्यात घुसले होते. पट्टीच्या आत. बाहेरून कुणाचा हात तिथं पोचलाच नसता. आणि तो पीळ उजवीकडून डावीकडे होता, जसा फक्त बब्रुवान घालायचा, कारण तो डावरा होता.

विहिरीत गारवा होता, तरी कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. मग त्यानं सांधे कापून टाकले, नवे केले, एक वर, एक खाली, वेगवेगळे, दुहेरी टेप लावून. मीटर लावलं. काटा जागचा हलला नाही.

वर आला तर आबाराव छत्री घेऊन उभे होते. “सापडलं का?”

सांगायला तीच वेळ होती. भोवती कुणी नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं.

“तार वढली गेली हुती,” बब्रुवान म्हणाला. “आता नीट केलीया.”

“वढली म्हंजी वढलीच की कुनीतरी,” आबाराव म्हणाले, आणि समाधानानं मान हलवून गेले.

बब्रुवान त्यांच्या पाठमोऱ्या छत्रीकडं बघत राहिला. पहिल्या दिवशी तो नुसता घाबरला होता, असं म्हणता आलं असतं. आज तो जाणून बोलला होता.

मोटार आली, यंत्र पुन्हा बसलं, आणि या खेपेला ते एकदाही चुकलं नाही. पाणी उतरलं की थांबायचं, चढलं की सुरू व्हायचं. शेजारच्या गावची सोसायटी चौकशी करायला आली. दुकानात येणारी माणसं मुद्दाम विषय काढायची. जितकं लोक नाव घ्यायचे, तितका बब्रुवान आत आत मिटत चालला. कुणी ‘इंजिनेर’ म्हटलं की तो फळीखाली काहीतरी शोधायला वाकायचा.

भूमला जायची वाट नाल्याच्या कडेनं होती. बौद्धवाड्यातल्या बाया आता तिथं पाणी भरायच्या. नाल्याच्या वाळूत खड्डा केलेला, त्यात वाटीवाटीनं पाझरणारं पाणी नारळाच्या करवंटीनं घागरीत भरायचं. एक घागर भरायला अर्धी सकाळ जायची. रोज सकाळी तो सायकलवरून जायचा आणि त्या रांगेत त्याला बनाबाई दिसायची. ती त्याच्याकडं बघायची नाही. त्यानं आडवाटेनं जायला सुरुवात केली, बांधावरून सायकल हातात धरून.

“आडवाटेनं का जाता?” एका संध्याकाळी द्वारकाबाईनं विचारलं. “आन् जेवत का न्हाय तुमी? ताट तसंच सारता.”

तेव्हा त्यानं सांगितलं. पट्टी, सांधे, काटा, छत्री, सगळं. सांगताना तो चुलीतल्या विस्तवाकडं बघत होता. द्वारकाबाई भाकरी थापत ऐकत होती. झाल्यावर ती म्हणाली, “मला वाटलं व्हतं.”

“मग बोलली का न्हायीस?”

“तुमी बोलाल म्हनून वाट बघत व्हते.” तिनं तवा उतरवला. “ती बाई वाळूतलं पानी पिती, आन् आपन हितं तुमच्या यंत्राचं पितो. माझ्याच्यानं न्हाय गिळत आता.”

दुसऱ्या दिवशी दुकान न उघडता तो बौद्धवाड्यात गेला. त्या वाड्यात तो लहानपणापासून किती वेळा गेला होता, हे आठवायचा त्यानं वाटेत प्रयत्न केला. निवडणुकीच्या वेळी एकदा गेला होता, भोंगा घेऊन.

बनाबाई दारात ज्वारी निवडत होती. त्याला बघून तिनं सूप खाली ठेवलं आणि सुनेला हाक मारली. सून पाण्याचा तांब्या घेऊन आली. आलेल्या माणसाला पाणी द्यायची रीत, ती बनाबाईनं पाळली. द्यावं की नाही, घेईल की नाही, असं सुनेच्या चेहऱ्यावर क्षणभर येऊन गेलं. बब्रुवाननं तांब्या घेतला. पाणी गढूळ होतं, दातांत वाळू करकरली. तो तांब्या खाली न ठेवता सगळं प्याला आणि पिता पिता त्याला वाटलं, हेही आपण दाखवायलाच तर करत नाही ना.

“बनाबाई, दोष माझा हुता,” तो म्हणाला. “सांधा मीच कच्चा केला. तुमी तारेला हात लावला न्हाय. मला ठाव झालं, तरी मी बोललो न्हाय.”

बनाबाईनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. “म्या शिवले न्हाय ह्ये मला ठावच हाय की. ह्या वाड्यात बी समद्यास्नी ठाव हाय. तुमी हितं सांगून काय व्हतंय?”

“माफी मागाय आलो.”

“ती बी हितंच?” तिचा आवाज चढला नव्हता. “बोलला तिकडं, चार मानसात. आन् माफी हितं, सुनंम्होरं. तिकडं जाऊन बोला. नसल जमत तर ऱ्हाऊ द्या. पर हितं परत येऊ नका.”

संध्याकाळी दूध घालायच्या वेळी सोसायटीच्या ओट्यापुढं गाव जमतं. बब्रुवान तिथं गेला. दूध थोडं, माणसं जास्त, असे ते दिवस होते. मापाडी माप घेत होता, आबाराव खुर्चीवर बसले होते. बब्रुवान ओट्याच्या पायरीवर चढला. मग तो म्हणाला, “मोटार माझ्यामुळं जळाली. बनाबाईनं काय केलं न्हाय.”

माप घेणारा हात थांबला.

त्यानं सगळं सांगितलं. सांधे कसे करायचे असतात आणि आपण कसे केले तेही सांगितलं. लोकांना ते फारसं कळलं नसावं. कळलं ते एवढंच, की इंजिनेरानं चूक केली आणि बाईवर ढकलली. कुणीतरी हसलं. एका म्हाताऱ्यानं “आरारा” केलं. आबारावांचा चेहरा मात्र आक्रसला.

“मिटलेलं कशाला उकरतो?” ते म्हणाले. “यंत्र चालतंय न्हवं?”

“मिटलेलं न्हाय, आबा. ती मानसं वाळूतनं पानी भरत्यात.”

“मी काय तुझ्या सांगन्यावरनं बोललो व्हय?”

“व्हय,” बब्रुवान म्हणाला. “माझ्याच सांगन्यावरनं.”

आबारावांनी खुर्ची मागं सारली. ते उठून गेले. वाड्यानं विहिरीवर यायचं नाही, हा शब्द त्यांनी मागं घेतला नाही. पण दोन-चार दिवसांनी बौद्धवाड्यातल्या बाया हौदाच्या खालच्या नळावर घागरी घेऊन आल्या, आणि त्यांना कुणी अडवलं नाही. पहिल्या दिवशी द्वारकाबाई मुद्दाम त्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली होती. बनाबाई त्यांत नव्हती. तिची सून यायची.

बब्रुवाननं पुढच्या बैठकीत सांगून पाहिलं, की यंत्रावर नजर ठेवायला माणूस लागतंच, बनाबाईला परत घ्यावं. सोसायटीनं निरोप धाडला. निरोप घेऊन गेलेला माणूस परत आला आणि म्हणाला, बाई रोजगार हमीच्या बांधावर जातीय, तिकडंच बरं हाय म्हनती.

पुढल्या साली पाऊस बरा झाला. विहीर भरली, यंत्राची कुणाला आठवणही राहिली नाही. शेजारच्या सोसायटीला बब्रुवाननं यंत्र करून दिलं नाही. वेळ नाही म्हणाला. दुकान मात्र चालत राहिलं, पुढं टेपरेकॉर्डर आले, मग टीव्ही आले. गावात त्याला ‘इंजिनेर’ म्हणायचं हळूहळू थांबलं. त्याचं त्याला वाईट वाटलं नाही. वाईट वाटायचं ते दुसऱ्याच गोष्टीचं, आणि ते कधी, कुठं उसळेल याचा नेम नसे. कधी सायकलच्या दुकानात टांगलेली ट्यूब बघून, तर कधी कुणी सहज “कुणी केलं हे?” असं विचारलं तरी.

एकदा आठवडी बाजाराच्या दिवशी बनाबाई स्टँडवर उतरली. तोवर ती बरीच थकली होती. काखेत फडक्यात गुंडाळलेला रेडिओ होता. मुलानं आणलेला असावा. बब्रुवाननं तिला बघितलं आणि हातातली सोल्डरिंग गन खाली ठेवली. ती टपरीसमोर आली, क्षणभर थांबली, आत डोकावली. तो उठून उभा राहिला. तिनं ओळखीची मान हलवली, राग नव्हता तिच्या तोंडावर. “बरं हाय का?” तिनं विचारलं.

“बरं हाय,” तो म्हणाला. “तुमी?”

“बरं हाय.”

मग रेडिओ काखेत नीट सावरत ती पुढं गेली, रस्ता ओलांडून, पलीकडच्या गल्लीत नव्यानं निघालेल्या दुसऱ्या दुरुस्तीवाल्याकडं. बब्रुवान ती दिसेनाशी होईपर्यंत उभा होता. मग खाली बसला आणि समोर उघडा पडलेला रेडिओ पुन्हा हातात घेतला.